बोलक्या खांबाच्या डोंगरावर

खंडोबाच्या षड्रात्रात मी घर सोडत नाही. देव्हाऱ्यात घट असतो, सहा दिवस एकभुक्त असतं आणि सासूबाईंना गुडघ्यांमुळं उठबस जमत नाही. पण त्या वर्षी चतुर्थीला सकाळीच बिनतारी ऑफिसातले मुन्शीजी दारात आले. हातात रुमालात गुंडाळलेलं काहीतरी, आणि ते असं धरलेलं की जणू तान्हं मूल.

"बहनजी, डोंगरावरनं निरोप आलाय. यंत्रातले दोन व्हॉल्व्ह, म्हणजे काचेचे दिवे, जळाले. हे नवे पोचवायचेत. साहेबांची चाचणी परवा षष्ठीला. जीप दुरुस्तीला पडलीय, पार्सल वेळेत पोचायचं नाही आणि काच दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायची माझी हिंमत होत नाही."

ज्यांना हे काम ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. आमचे हे बिनतारी खात्यात मेकॅनिक, सध्या त्याच डोंगरावर कामाला. शिकले हैद्राबादेत, निजामाच्या अमदानीत. उस्मानाबादेहून यंत्रावर बोललेलं भूम-परंड्याकडं पोचत नव्हतं, कारण मधे बालाघाटाचे डोंगर. म्हणून वाशीजवळच्या एका डोंगरावर खात्यानं लोखंडी खांब उभा केला. खाली पत्र्याची खोली आणि खोलीत दोन यंत्रं. एकानं इकडचं ऐकायचं, दुसऱ्यानं तेच त्याच क्षणी तिकडं सांगायचं. तिकडचं उत्तरही तसंच परत यायचं. मधे माणसानं बोलायची गरज नाही. पण दीड महिना झाला, त्या यंत्रातनं बोलण्याऐवजी खरखर यायची. महाराष्ट्र नवा नवा झालेला. वरचे साहेब पुण्याकडचे, आणि हैद्राबादेत शिकलेल्या माणसाला खरंच काही येतं का, अशी शंका त्यांच्या मनात. षष्ठीला यंत्र नीट बोललं तर ह्यांची नोकरी कायम होणार होती. नाही तर खांब उपटून दुसऱ्या जिल्ह्यात जाणार, आणि ह्यांची हंगामी जागा तिथंच संपणार.

सासूबाई म्हणाल्या, "घटाचं मी बघते. तू जा. मल्हारीच्याच डोंगरावर चाललीस, त्याला काय राग येतोय?"

मी दोन्ही व्हॉल्व्ह कापसात गुंडाळले, पितळी डब्यात खाली-वर ज्वारीचा कोंडा घातला आणि झाकणावर फडकं आवळून बांधलं. वांग्याएवढी काच, आत केसासारख्या तारा. पिशवीत शेंगदाण्याचे लाडू, तांब्या-भांडं आणि षष्ठीला देवासमोर नेसायला म्हणून दिवाळीत घेतलेलं नवं इरकली लुगडं, अजून घडी न मोडलेलं.

तुम्हाला कुणाला जायचं झालं तर उस्मानाबादेहून सकाळचीच मोटार धरा. दुपारच्या मोटारीनं गेलात तर येरमाळ्याला वाशीची गाडी हुकते आणि स्टँडावर मुक्काम पडतो. भाडं दोन्ही मिळून अडीच रुपयांच्या आत होतं, पण सुटे पैसे जवळ ठेवा. नव्या पैशांचा घोळ कंडक्टरलाही पुरता उमगलेला नसतो. मी आण्यांत हिशेब केला, त्यानं पैशात केला आणि शेवटी दोघांनी एकमेकांवर विश्वास ठेवला.

विश्वास नव्हता तो डब्यावर. "बाई, डबा टपावर टाका," कंडक्टर म्हणाला.

"टपावर नाही चालायचा. काच आहे."

"मग बाकाखाली ठेवा."

"बाकाखाली पण नाही."

माझ्या शेजारी एक कासारीण बसली होती. बांगड्यांची टोपली पायांत घेऊन. तिनं डब्याकडं बघितलं. "माझ्या बांगड्या बाकाखाली बसत्यात आन तुमचं काय मांडीवर? अंडी हायत का?"

"माझा खंडोबाचा उपास आहे हो."

"म्हणूनच इचारलं. उपासाची अंडी असतील," आणि ती स्वतःच मोठ्यांदा हसली. आख्खी मोटार हसली. मीही हसले, पण हात डब्यावरनं काढला नाही. येडशीच्या पुढं रस्ता असा उखडलेला की प्रत्येक खड्ड्याला मी बाकावरनं उठायची आणि डबा पोटाशी उचलून धरायची. तिसऱ्या-चौथ्या खड्ड्यानंतर कासारीण हसायची थांबली. पुढचा खड्डा दिसला की तीच ओरडायची, "ए डायवर, हळू! बाईचं काचचं हाय!" येरमाळ्यापर्यंत ड्रायव्हरसुद्धा खड्डा आला की मागं वळून "धरा" म्हणायला लागला होता.

येरमाळ्याला उतरून येडाई देवीच्या डोंगराकडं तोंड करून हात जोडले. एका हातानंच, दुसऱ्यात डबा. चहा घेतला. स्टँडाबाहेरच्या हॉटेलात गूळ जास्त घालतात, पण गरम देतात. वाशीची गाडी वेळेवर आली.

वाशीत बाजार भरला होता. डोंगराच्या पायथ्याची वाडी तिथनं दीड-दोन कोस, आणि मोटार जात नाही. बैलगाडी शोधायची म्हणून बाजारात शिरले तर एक म्हातारा नारळांची पोती गाडीत भरत होता. कपाळभर भंडारा, डोक्याला पांढरं पागोटं. डोंगरावरच्या खंडोबाचा गुरव, महादबा. षष्ठीच्या जत्रेचं सामान न्यायला आलेला. त्याला खांबाच्या डोंगराची वाट विचारली.

"तारवाल्याची मालकीण व्हय?" त्यानं मला आपादमस्तक न्याहाळलं. "बसा. पर ते डबडं नारळाच्या पोत्यावर ठिवा की."

"नको. मांडीवरच बरं."

गाडी निघाली. दोन्ही बाजूंना शाळूची रानं, कणसं अजून दुधात. वारा असा की पदर धरून बसावं लागत होतं. महादबा बोलायला मोकळा माणूस.

"तुमचा मालक भला हाय, पर त्याचं यंत्र लई खरखर करतंय. दिसभर खर्र खर्र. देवाला दुपारची झोप न्हाय."

"ते बरं करायलाच चाललेय."

"त्यानं खांब रवला तवा म्या म्हनलं, जागा घे, सावली घे, पर देवाच्या वस्तूला हात लावायचा न्हाय. त्यानं शब्द दिला. आजवर पाळला. आमच्या देवाला लंगर भारी प्रिय. ठावं हाय का तुम्हास्नी?"

ठाऊक होतं. लंगर म्हणजे खंडोबाला वाहिलेला लोखंडी साखळदंड. कुणाचं जनावर बरं झालं, कुणाला पोर झालं, की त्या घरचा लंगर देवळापुढच्या झाडाला टांगतात.

"अन एकदा टांगला की खाली न्हाय उतरायचा," महादबा म्हणाला. "ज्या घरचा त्याच घरचं मानूस न्हायतर गुरव त्याला हात लावणार, त्ये बी देवाचं नाव घिऊन. दुसऱ्यानं उतरिवला तर त्या घराचा नवस मोडला."

वाडीतनं डोंगर चढायला मला तास लागला. चढण सोपी आहे, पण वर पाणी नाही. जाणाऱ्यांनी वाडीतल्या विहिरीवरच तांब्या भरून घ्यावा, आणि देवळाच्या पहिल्या पायरीपासून पायांत चप्पल ठेवू नये. वरनं दिसतं ते मात्र सगळ्या श्रमाचं चीज करणारं आहे. पश्चिमेला भूमकडची उजाड, तांबूस पठारं एकामागं एक आणि ऊन उतरताना प्रत्येकाचा रंग वेगळा. पण ते मी नंतर बघितलं. आधी बघितला तो खांब, त्याला ताणलेल्या तारा, आणि खांबाच्या बुडाशी उभे असलेले हे. दाढी वाढलेली, गालफडं बसलेली.

"फुटले नाहीत ना?" हे ह्यांचं पहिलं वाक्य.

"मी बरी आहे. आपण कसे आहात?"

मग हसले. मी डबा हातात दिला. फडकं त्यांनीच सोडलं. दोन्ही व्हॉल्व्ह शाबूत निघाले. मिनिटाभरात ते यंत्रात बसले, आत तांबूस उजेड आला, आणि यंत्र सुरू झालं. संध्याकाळी वारा पडला होता. उस्मानाबादच्या ऑफिसातला आवाज असा आला की माणूस उंबऱ्यात उभा आहे. मी हात जोडले. ह्यांच्या चेहऱ्यावर मात्र आनंद नव्हता.

सकाळी वारा सुटला आणि खरखर परत आली.

मी भाकरी टाकत होते. ह्यांनी यंत्र बंद केलं, माझ्यासमोर येऊन बसले आणि म्हणाले, "हे व्हॉल्व्हनं जाणार नव्हतंच. जळलेले बदलणं भागच होतं, पण खरखर त्यांची नव्हती."

"मग कशाची?"

"आपलं एक यंत्र जोरात बोलतं, तेव्हाच शेजारचं कान देऊन ऐकत असतं. बोलणारं बंद असलं की खरखर नाही. वारा नसला तरी नाही. वारा आणि बोलणं दोन्ही असलं की मग. म्हणजे खांबाजवळ कुठंतरी गंजलेलं लोखंड लोखंडावर हलतंय. आपण बोललेलं ते उचलतं आणि त्याची खरखर करून ऐकणाऱ्याच्या कानात सोडतं. खांबाचा प्रत्येक नट मी आवळला. पत्रे आवळले. काही उरलं नाही." ते देवळाकडं बघत होते. "ते झाड सोडून."

देवळापुढच्या लिंबावर पिढ्यान् पिढ्यांचे लंगर टांगलेले होते. गंजून काळे-तांबडे झालेले. वाऱ्यावर एकमेकांवर घासत, किणकिणत. खांब त्या झाडापासून हाकेच्या अंतरावर.

"किती दिवसांपासून ठाऊक आहे?"

"पंधरा दिवस."

"आणि बोलला नाहीत?"

"कुणाशी? महादबाला शब्द दिलाय. आणि तुझ्याशी कोणत्या तोंडानं बोलू? देवाचे लंगर उतरवा म्हणून? तूच घर सोडून गेली असतीस."

राग आला मला. पण आधी तव्यावरची भाकरी उलटली. आमचं कुळदैवत खंडोबा. उद्या चंपाषष्ठी. आणि ह्यांची भाकरी त्या झाडावर टांगलेली. खांब दुसरीकडं न्यायला महिना लागला असता. उद्या वारा पडेल म्हणावं, तर त्या डोंगरावर मार्गशीर्षात सकाळचा वारा कधी पडत नाही, असं महादबाच सांगत होता.

मी हात धुतले. "शब्द तुम्ही दिलाय. मी नाही. मी विचारते."

महादबा गाभाऱ्यात समया घासत होता. मी आडवळण घेतलं नाही, सरळ सांगितलं. त्याची समई हातातच राहिली.

"बाई, तुम्ही उपाशी, सोवळ्या. तुमच्या तोंडी ह्ये?"

"उतरवा म्हणत नाही मी. एक दिवस—"

"एक दिस काय अन एक घटका काय! हितं वाडीतल्या पन्नास घरांचा देव बांधलाय त्या झाडाला. उद्या ती घरं वर येणार. काय सांगू त्यास्नी? सरकारच्या खांबासाठी तुमचा नवस मोडला?" तो उठून उभा राहिला. "खांब गेला तरी चालंल. जाऊ द्या त्यो."

खांब गेला की माझं घरही जातं, हे मी त्याला बोलले नाही. देवासमोर पदर पसरला. गाभाऱ्यात मूर्तीला नवं धोतर, शेला, म्हाळसेला खण. कुणी नवसाचं वस्त्र चढवलेलं, भंडाऱ्यानं पिवळं झालेलं.

"महादबा," मी म्हटलं, "हे वस्त्र कुणी चढवलं?"

"वाशीच्या एका वाण्यानं."

"तो या वाडीचा नाही."

"वस्त्राला काय? वस्त्र कुणीबी चढवावं, कुनाच्याबी देवाला. त्याला आडकाठी न्हाय."

"लंगराला चढवलं तर?"

  त्यानं समई खाली ठेवली.

"म्या तर कुणी चढविल्यालं बघितलं न्हाय," तो सावकाश म्हणाला. "पर न्हाय असं बी कुणी सांगितल्यालं न्हाय." आणि लगेच कडक आवाजात, "पर नेसल्यालं, जुनं चालायचं न्हाय. घडी न मोडल्यालं पायजे. अन हात माझाच लागंल. तुमच्या मालकानं लांब उभं राहायचं."

माझ्याजवळ घडी न मोडलेलं एकच होतं.

इरकली लुगडं फाडताना जो आवाज येतो तो मला नीट आठवतो. नऊ वारांच्या पट्ट्या करत गेले. किंमत डोक्यात येत होती, ती दर फाडीला मागं सारत होते. ह्यांनी लांबूनच सांगितलं, तेलात भिजवा, म्हणजे लोखंड लोखंडाला बोलायचं नाही. जत्रेच्या समयांचं करडईचं तेल महादबानं काढलं. त्यात भंडारा कालवला. मग तो शिडीवर चढून एकेक लंगर हातात घ्यायचा, "येळकोट येळकोट" म्हणायचा, पट्टी कड्याकड्यांतनं गुंडाळायचा आणि लंगर खोडाशी घट्ट बांधायचा. मी खालून पट्टी पुरवायची. हे दोन्ही हात मागं बांधून उभे, आणि मधेच राहवेना की म्हणायचे, "तिथं सैल राहिलं."

"देवाचं मला शिकवू नगंस," महादबा वरनं म्हणायचा, आणि तिथंच पुन्हा आवळायचा.

पंचमीचं ऊन उतरेपर्यंत झाड पिवळं झालं होतं.

षष्ठीला सकाळी वाडी डोंगरावर लोटली. हलगी, भंडारा, वांग्याच्या भरताचा वास. त्यातच साहेब घामेजून वर आले. सोबत एक शिपाई. कमी बोलणारे गृहस्थ. जत्रेकडं बघितलं, झाडाकडं बघितलं आणि काही न विचारता पत्र्याच्या खोलीत शिरले. वारा असा की खांबाच्या ताणलेल्या तारा शीळ घालत होत्या. मी दाराबाहेर जुन्या लुगड्यात उभी होते.

भूमच्या रस्त्यावर साहेबांबरोबर आलेली जीप उभी केली होती. तिथला माणूस बोलायचा, डोंगर पुढं द्यायचा, उस्मानाबाद उत्तर द्यायचं. पहिलं बोलणं आलं. स्वच्छ. भूमच्या माणसाचा खोकलासुद्धा ऐकू आला. उस्मानाबादचं उत्तर गेलं. दुसरं आलं, तेही स्वच्छ. मी श्वास सोडणार, इतक्यात खर्र झालं.

साहेबांनी मान वर केली.

मी झाडाकडं धावले. एका घरचा नवरा-बायको लंगर टांगत होते, घरातला जुना, धुरात काळा झालेला. वाऱ्यावर तो मोकळा लोंबत होता.

"भाऊ, त्याला वस्त्र चढवा!"

"कशाला?" तो गोंधळला. बायको म्हणाली, "आवं, बगा की, सगळ्यास्नी चढविलंय. आपल्याच देवाला उघडं ठिवनार व्हय?"

पट्ट्या संपल्या होत्या. उरला होता तो फक्त इरकलीचा पदर, रेशमी काठांचा. मी तोच दिला. महादबा गर्दीतनं वाट काढत आला, एका दमात गुंडाळून लंगर खोडाला बांधला, आणि नवरा-बायकोनं वर भंडारा उधळला. मी परत दाराशी आले.

आतून साहेबांचा आवाज, "परत सांगा."

भूमचा माणूस बोलला. उस्मानाबाद बोललं. मग पुन्हा, पुन्हा. वारा वाढला तरी खरखर आली नाही. साहेब बाहेर आले, झाडासमोर उभे राहिले.

"काय होतं?"

हे म्हणाले, "जवळ सैल लोखंड होतं, साहेब. बांधून घेतलं."

"आणि सुटलं तर?"

 महादबाच पुढं झाला. "सुटंल कसं? ज्याच्या त्याच्या देवाचं वस्त्र हाय ते. आता वाडीच बांधंल."

साहेबांच्या ओठांवर काहीतरी आलं, हसू होतं की काय कोण जाणे. "खांब राहील," ते ह्यांना म्हणाले. "तुमचंही कायम होईल, मी लिहितो. पण असला खांब सोडून माणसाला जाता यायचं नाही. तुमची नेमणूक इथंच." आणि महादबानं पुढं केलेला प्रसाद घेऊन उतरायला लागले.

भरीत-भाकरी मी षष्ठीचा मान म्हणून खाल्ली. चव लागली नाही, असं म्हणवत नाही. त्या वाडीची वांगी काटेरी, छोटी आणि फार गोड आहेत. कुणी गेलात तर दोन वाट्या ज्यादा मागा, नाही म्हणत नाहीत. दुसऱ्या दिवशी महादबाच्या गाडीतनं उतरले. हे वाडीपर्यंत आले. "महिन्याकाठी येईन," म्हणाले. महिन्याकाठी म्हणजे काय ते दोघांनाही ठाऊक होतं. यंत्र बंद ठेवता येत नव्हतं.

घरी आल्यावर सासूबाईंनी विचारलं, "नोकरी?"

"कायम झाली."

"मग कधी येतोय?"

सांगितलं.  ना त्यांच्यानं तो डोंगर चढवणार होता, ना मला त्यांना एकटं टाकून तिथं राहता येणार होतं. पगाराचा हिशेब आता दोन चुलींचा मांडायचा, एवढंच त्या दिवशी ठरलं.

मग एकदा दळण घेऊन येताना बिनतारी ऑफिसावरनं गेले. खिडकी उघडी होती. आतून ह्यांचा आवाज आला, रोज सकाळी यंत्र तपासायला बोलतात तसा: "उस्मानाबाद, डोंगरावरून बोलतोय, ऐकू येतंय का?" मुन्शीजींनी खिडकीतनं मला बघितलं आणि अपराध्यासारखी मान हलवली. सरकारी यंत्रावर घरचं बोलायची परवानगी नाही, आणि मी मागितलीही नाही. दळण तिथंच ठेवून उभी राहिले, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंना धरून, बसत-उठत, त्या खिडकीखाली नेलं. आवाज आला. त्या भिंतीला टेकून, डोळे मिटून ऐकत राहिल्या. बोलणं संपलं तेव्हा म्हणाल्या, "नाकातनं बोलतोय. पडसं झालंय त्याला. वाशीच्या गाडीनं सुंठ धाड."